स्कायरिममध्ये शपथ घेण्याआधी: नव्या खेळाडूंसाठी वाटाड्या

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते. पारा 45 अंशांच्या पुढे, रस्ते ओस आणि घरोघरी कूलरची घरघर. याच दिवसांत आमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी ‘द एल्डर स्क्रोल्स 5: स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम सुरू करतं, आणि दोन-तीन दिवसांत एकच प्रश्न येतो: ‘दादा, इम्पीरियल की स्टॉर्मक्लोक? कोणाकडून लढू?’

इम्पीरियल म्हणजे साम्राज्याची बाजू, स्टॉर्मक्लोक म्हणजे तिच्याविरुद्ध उठलेले बंडखोर. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. गेम 11 नोव्हेंबर 2011 ला आला, म्हणजे जुना आहे. पण बाजू निवडण्याचा भाग त्यात इतका विचारपूर्वक बांधलेला आहे की घाईत निवड करून तो वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं. माझं म्हणणं थोडक्यात असं, की गेम तुम्हाला बाजू विचारतो फार लवकर, पण ती पक्की होते फार उशिरा. मधला वेळ दोन्हीकडची शहरं पायाने फिरून बघायला वापरा. कोणती क्वेस्ट (गेमने सोपवलेलं काम) कधी करायची, कुठे परतीचा रस्ता बंद होतो, ते क्रमाने सांगतो. कथेतल्या काही गोष्टी उघड कराव्या लागतील, पण शेवट सांगणार नाही.

सुरू करण्याआधी

नवीन घेत असाल तर 2016 ची स्पेशल एडिशन घ्या. तिन्ही डीएलसी (नंतर आलेले जोडभाग) त्यात आहेत. पीसीवर साधारण 12 जीबी जागा लागते आणि 8 जीबी रॅम पुरते. कॉलेजच्या पोरांच्या मध्यम लॅपटॉपवरही ग्राफिक्स कमी करून नीट चालतो.

सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल सुरू करा, दोन्ही प्रकारची. सगळे संवाद इंग्रजीत आहेत, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्यासारख्यांना पात्रांचे ते जड उच्चार ऐकून पहिल्या फटक्यात कळत नाहीत. बाजू निवडायची तर कोण काय बोललं हे कळायलाच हवं. रस्त्यावर दोन माणसं आपसात बोलत असतात, त्यांचे शब्दही सबटायटलमध्ये दिसतात, आणि या गेममधलं निम्मं राजकारण अशा रस्त्यावरच्या बोलण्यातच आहे.

मग सेव्हचं. ऑटोसेव्ह सुरू ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पीसीवर एफ5 दाबलं की क्विकसेव्ह होतो, एफ9 ने तो परत उघडतो. तरी दर महत्त्वाच्या निर्णयाआधी मेनूत जाऊन वेगळा नवा सेव्ह करा, कारण क्विकसेव्ह जुन्यावरच लिहिला जातो. उन्हाळ्यात आपल्याकडे वादळ उठलं की वीज जाते; डेस्कटॉपला इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर दर अर्ध्या तासाने सेव्ह करायची सवय लावून घ्या.

हेल्गन: इथली निवड कच्ची आहे

सुरुवातीला तुमचे हात बांधलेले असतात आणि बैलगाडीसारख्या गाडीतून तुम्हाला मृत्युदंडाला नेत असतात. शेजारी बसलेला माणूस उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक, बंडखोरांचा नेता. तेवढ्यात ड्रॅगन येतो, पळापळ होते आणि तुम्हाला दोघांपैकी एकाच्या मागे धावावं लागतं: इम्पीरियल शिपाई हॅडवार किंवा बंडखोर रॅलोफ.

बहुतेक नवे लोक इथेच अडकतात. त्यांना वाटतं आता बाजू ठरली. तसं काही नाही. हॅडवारसोबत गेलात तर किल्ल्यात स्टॉर्मक्लोक मारावे लागतात, रॅलोफसोबत गेलात तर इम्पीरियल. बाहेर पडल्यावर एक तुम्हाला रिव्हरवुडच्या लोहाराकडे नेतो, जो त्याचा काका, आणि दुसरा लाकूड-गिरणीवाल्या बहिणीकडे. दोन्ही घरांत खायला-प्यायला मिळतं, थोडं सामान मिळतं. पुढच्या युद्धाशी या निवडीचं काही देणंघेणं नाही. वंशाचंही तसंच. नॉर्ड, इम्पीरियल, डार्क एल्फ, आर्गोनियन, जे पात्र बनवाल ते दोन्हीकडे घेतात. स्टॉर्मक्लोक तुम्हाला नॉर्ड नसल्याबद्दल एखादा खोचक प्रश्न विचारतील, एवढंच.

हेल्गनहून रिव्हरवुडकडे उतरताना वाटेत तीन उभे दगड लागतात. योद्धा, जादूगार, चोर. ज्याला स्पर्श कराल त्या प्रकारची कौशल्यं 20 टक्के जास्त वेगाने वाढतात. नंतर येऊन बदलताही येतो, त्यामुळे फार विचार करू नका. तलवार-ढाल वापरायची असेल तर योद्धा.

रिव्हरवुड: पहिला छोटा सराव

गावात कॅमिला नावाची मुलगी आहे. तिच्यावर दोघांचा डोळा: गाणारा स्वेन आणि शिकारी एल्फ फेंडल. स्वेनशी बोललात तर तो फेंडलच्या नावाने खोटं, घाणेरडं पत्र लिहून तुम्हाला तिच्याकडे द्यायला सांगतो. आता तुमच्यासमोर तीन वाटा: पत्र देऊन मोकळं व्हा, कॅमिलाला खरं सांगा, किंवा फेंडलला सांगा आणि त्याचं उलटं खोटं पत्र घेऊन जा. ज्याची बाजू घ्याल तो तुमचा सोबती व्हायला तयार होतो.

फेंडल घ्या असं मी सगळ्यांना सांगतो. तो धनुर्विद्या शिकवतो, आणि सोबती असल्याने शिकवणीची फी दिल्यावर त्याच्या पिशवीतून तीच नाणी परत काढून घेता येतात. सुरुवातीला खिशात काही नसतं तेव्हा याने पुष्कळ फरक पडतो. पण क्वेस्ट म्हणूनही हे प्रकरण लक्षात ठेवा. कोणी काम सांगितलं म्हणजे ते त्याने सांगितलं तसंच करायला हवं असं या गेममध्ये नाही. आधी दुसऱ्या माणसाला जाऊन भेटा. ही सवय इथे लागली की पुढे उपयोगी पडते.

त्याच गावात रिव्हरवुड ट्रेडर हे दुकान आहे. दुकानदार लूकनचा सोन्याचा पंजा चोरीला गेलाय. ती क्वेस्ट घ्या आणि वरच्या डोंगरावरच्या ब्लीक फॉल्स बॅरोमध्ये जा. पुढे मुख्य कथेत व्हाइटरनचा दरबारी जादूगार फॅरेंगर तुम्हाला याच थडग्यातून एक शिळा आणायला सांगणार आहे. पंजासाठी आत शेवटपर्यंत गेलात की ती शिळाही हाती लागते आणि दुसरी फेरी वाचते.

आत दोन कोडी आहेत. पहिल्या दालनात तीन खांब फिरवायचे: डावीकडून साप, साप, देवमासा. चुकीचे लावून कळ ओढली तर भिंतीतून बाण सुटतात. दुसरं कोडं गोल दाराचं, तीन कड्या आणि मध्ये पंजा बसायची जागा. इथे पुष्कळ लोक फोनवर उत्तर शोधतात, पण ते तुमच्या पिशवीतच आहे. सामानाच्या यादीत पंजा निवडा, तो मोठा करून हळूहळू उलटा फिरवा. तळहातावर तीन छोटी चित्रं कोरलेली दिसतात: अस्वल, पतंग, घुबड. बाहेरच्या कडीपासून आत त्याच क्रमाने लावा. माझ्या भाचीने मानेवाड्याच्या घरी हे दार स्वतः उघडलं तेव्हा ती जी ओरडली, ती ऐकून शेजारच्या काकू काय झालं म्हणून विचारायला आल्या. म्हणून म्हणतो, पुढच्या थडग्यांतही असे पंजे मिळतील, तेव्हा आधी हातात घेऊन फिरवून बघा.

व्हाइटरन: ड्रॅगन मारून मगच पुढचं

शिळा घेऊन व्हाइटरनला जा. इथला यार्ल (प्रांताचा सरदार) बालग्रूफ युद्धात अजून कोणाचाच नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुढचं सगळं युद्ध या शहरापाशी येऊन अडतं. शिळा दिल्यावर पश्चिमेच्या टेहळणी बुरुजावर पहिला ड्रॅगन मारायचा. धनुष्य ठेवा, बुरुजाच्या आडोशाला राहा, शिपायांना पुढे होऊ द्या. परत आलात की यार्ल तुम्हाला ‘थेन’, म्हणजे आपला मानकरी, करतो आणि लिडिया ही सोबतीण देतो. 5000 नाणी जमली की ब्रीझहोम हे घर घेऊन टाका. सामान ठेवायला सुरक्षित जागा मिळते.

सामानाबद्दल एक. सुरुवातीला 300 वजन उचलता येतं आणि ड्रॅगनची हाडं एकेक 15 ची. लेव्हल वाढताना स्टॅमिना निवडला की वजनाची मर्यादा 5 ने वाढते. तेवढ्यासाठी दोन-तीनदा तो घ्यायला हरकत नाही.

आता व्हाइटरनमध्येच दुसरा सराव करून घ्या. शहराच्या दाराशी पगडीवाले अलिकर योद्धे एका रेडगार्ड बाईला शोधत असतात. ती बाई सादिया, बॅनर्ड मेअर खानावळीत काम करते. ती म्हणते, मी घराण्यातली मुलगी, हे लोक भाड्याचे मारेकरी. तुरुंगातल्या एका अलिकर माणसाचा दंड भरला की त्यांच्या म्होरक्याचा, केमातूचा, पत्ता लागतो. तो म्हणतो, हिने आमचं शहर शत्रूला विकलं. दोघांची बाजू ऐका. बक्षीस दोन्हीकडे सारखंच, 500 नाणी. आणि खरं कोण हे गेम शेवटपर्यंत सांगत नाही. कोणी विचारलं की ‘बरोबर उत्तर काय’, तर उत्तर नाहीच, हेच उत्तर आहे. तुम्हाला कोणाचं बोलणं पटलं ते बघा. सादियाला एकदा विचारा की तुझ्यामागे नेमके का लागलेत, आणि केमातूला विचारा की ती सांगते त्याचं काय. आपण निर्णय कशावर घेतो हे इथे स्वतःलाच कळतं.

दोन शहरं, दोन दरवाजे

ड्रॅगन मारल्यावर मुख्य कथा तुम्हाला डोंगरावरच्या ग्रेबिअर्ड साधूंकडे बोलावते. जाताना पायऱ्यांवर एक फ्रॉस्ट ट्रोल अडवतो. लेव्हल कमी असेल तर आगीची जादू वापरा किंवा सरळ पळून जा. साधूंचं शिंग आणण्याचं काम, मग रिव्हरवुडच्या खानावळीत डेल्फिन भेटते, आणि ती तुम्हाला काइन्सग्रोव्हला नेते. हे सगळं विनाअडथळा करत राहा. काइन्सग्रोव्ह विंडहेल्मच्या अगदी दक्षिणेला आहे. त्यानंतरची क्वेस्ट तुम्हाला सॉलिट्यूडला पाठवते. म्हणजे मुख्य कथाच तुम्हाला दोन्ही पक्षांच्या राजधानीच्या दारात आणून सोडते, आणि तेही कोणाचीही शपथ न घेता. या संधीचं सोनं करा. (घाई असेल तर व्हाइटरनच्या तबेल्यापाशी घोडागाडी असते, 20 नाण्यांत दोन्हीपैकी कोणत्याही शहरी सोडते.)

विंडहेल्म. स्टॉर्मक्लोकांची राजधानी, बर्फातलं काळं दगडी शहर. दारातून आत पाऊल टाकलं की समोरच दोन नॉर्ड पुरुष एका डार्क एल्फ बाईला घेरून उभे असतात. आमच्या देशात येता, आमचं अन्न खाता आणि लढाईत मदत करत नाही, तुम्ही इम्पीरियलांचे हेर असाल, अशी त्यांची भाषा. थांबा, पूर्ण ऐका. मग त्या बाईशी बोला. ती तुम्हालाच विचारते की तुम्हीही आमचा द्वेष करता का. तिथून उजवीकडच्या गल्ल्यांत उतरा. ग्रे क्वार्टर, डार्क एल्फांची वस्ती. घरं पडकी, गल्ल्या अरुंद. बंदरावर जा, तिथे आर्गोनियन हमाल काम करतात, पण त्यांना तटाच्या आत राहायची परवानगी नाही. दारातल्या त्या दोन नॉर्डांपैकी रोल्फ नावाच्याशी 100 नाण्यांची पैज लावून मुष्टियुद्ध करता येतं. जरूर करा.

सॉलिट्यूड. साम्राज्याच्या फौजेचं, म्हणजे लीजनचं ठाणं. इथेही दारातून आत गेलात की समोर गर्दी. एका माणसाला मृत्युदंड देत आहेत. त्याचं नाव रॉगविर, गुन्हा असा की उल्फ्रिकने राजा टॉरिगला मारल्यावर त्याने त्याच्यासाठी दरवाजा उघडला. गर्दीत त्याची लहान भाची आहे. ती बापाला म्हणते, त्यांना थांबायला सांगा. कोणी थांबत नाही. गर्दी पांगली की त्याच शहरात त्याच्या बहिणीला, ग्रेटाला शोधा. ती तिच्या भावाच्या गळ्यातली टॅलोस या देवाची माळ आणून द्यायला सांगते. माळ प्रेतावरच असते. काम दोन मिनिटांचं, पण टॅलोसची पूजा करणाऱ्यांवर या राज्यात काय वेळ आलीय हे त्या एका माळेतून जेवढं कळतं, तेवढं सेनापतीच्या भाषणातून कळत नाही.

दोन्ही दृश्यं पहिल्या भेटीतच होतात. म्हणून आत शिरताना घाईघाईत पुढे पळू नका.

भाचीने दोन्ही शहरं फिरून झाल्यावर मला फोन केला. ‘मामा, हे तर दोन्हीकडचे वाईटच निघून राहिले ना!’ मी म्हटलं, ‘म्हणून तर आधी दोन्हीकडे पाठवलं तुला. आता तुला कोणतं वाईट कमी वाटते ते सांग.’ ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘थांब, अजून ठरवत नाही.’ मला हे उत्तर फार आवडलं.

हे भांडण मुळात कशाचं

साम्राज्य आणि थॅल्मोर एल्फ यांच्यात मोठं युद्ध झालं. गेमच्या कालगणनेत ते चौथ्या युगाच्या 175 व्या वर्षी तहाने संपलं. व्हाइट-गोल्ड कॉन्कॉर्डॅट नावाच्या त्या तहात टॅलोसच्या पूजेवर बंदी आली. स्कायरिमच्या नॉर्ड लोकांचा तो सर्वांत जवळचा देव. पुढल्याच वर्षी मार्कार्थ शहर बंडखोरांच्या हातून सोडवायला उल्फ्रिक धावला, बदल्यात त्याला मोकळ्या पूजेचं वचन मिळालं होतं. थॅल्मोरना कळल्यावर वचन मोडलं गेलं आणि तो तुरुंगात पडला. तुम्ही खेळता ते वर्ष 201.

नागपूरच्या माणसाला हे समजायला फार कष्ट पडू नयेत. आप्पासाहेब भोसल्यांनी 1816 मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि दुसऱ्याच वर्षी, नोव्हेंबर 1817 मध्ये, सीताबर्डीच्या टेकडीवर त्यांच्याशीच लढाई झाली. नाइलाजाने केलेला तह पाळत वेळ काढायचा की तो मोडून आत्ताच उभं राहायचं, हा प्रश्न आपल्या गावानेही पाहिलेला आहे. साम्राज्याचा सेनापती टुलियस याची बाजू म्हणजे वेळ काढा, ताकद जमवा. उल्फ्रिकची बाजू म्हणजे आत्ताच. असं बघितलं की दोघंही वेडे वाटत नाहीत.

थॅल्मोरची फाइल: ही वाचल्याशिवाय शपथ नाही

सॉलिट्यूडजवळच्या थॅल्मोर दूतावासात मेजवानीच्या निमित्ताने घुसायची ही क्वेस्ट. आधी सॉलिट्यूडच्या विंकिंग स्कीव्हर खानावळीत माल्बॉर्न नावाच्या नोकराकडे तुमचं सामान द्यायचं. आत तुम्ही फक्त मेजवानीच्या कपड्यांवर जाता. त्याला शस्त्र, चिलखत, औषधं, कुलपं उघडायच्या काड्या, सगळं द्या. सोबती आत येत नाही. मेजवानीत कोणीतरी गोंधळ घालेल अशी व्यवस्था करा. दारूसाठी तळमळणारा एक पाहुणा आहे, त्याला पेला दिला की काम होतं. मग स्वयंपाकघरातून मागे. बाहेर पडताना तळघरातून गुहेत उतरावं लागतं आणि तिथे पुन्हा ट्रोल आहे.

आत तीन फाइली मिळतात. डेल्फिनची, तिचा जुना साथीदार एस्बर्नची आणि उल्फ्रिकची. क्वेस्टचा बाण पुढे दाखवतो म्हणून बहुतेक लोक त्या नुसत्या उचलतात आणि पळतात. उल्फ्रिकची फाइल उघडून वाचा. मोठ्या युद्धात तो थॅल्मोरच्या कैदेत होता, त्याच्याकडून माहिती काढली गेली आणि त्याच्याच माहितीमुळे राजधानी पडली असं त्याच्या मनावर बिंबवलं गेलं, हे तिथे लिहिलंय. थॅल्मोर त्याला आपल्या कामाचा माणूस समजतात. लीजनवाले इथे खूश होतात. पण पुढेही वाचा: स्टॉर्मक्लोकांचा पूर्ण विजयही थॅल्मोरना नकोच आहे. त्यांना युद्ध लांबायला हवंय. म्हणजे तुम्ही कोणत्याही बाजूने ते युद्ध संपवलंत तरी थॅल्मोरचं नुकसानच. मला विचाराल तर अख्ख्या गेममधला सर्वांत महत्त्वाचा कागद हा.

शपथ, मुकुट आणि परतीचा शेवटचा फाटा

आता ठरवा. लीजनसाठी सॉलिट्यूडच्या कॅसल डोरमध्ये लीगेट रिकेला भेटा. ती तुम्हाला फोर्ट ह्रॅगस्टॅड दरोडेखोरांपासून मोकळा करायला पाठवते, मग शपथ. स्टॉर्मक्लोकांसाठी विंडहेल्मच्या राजवाड्यात गॅलमारला भेटा. तो एका बर्फाळ बेटावर आइस रेथ मारायला पाठवतो, मग शपथ. आइस रेथ दिसायला अवघड आणि चपळ असतो, पण आग त्याला सोसवत नाही.

दोन्हीकडे पुढची क्वेस्ट एकच: कॉर्वनजुंडच्या थडग्यातून जॅग्ड क्राउन नावाचा जुना मुकुट आणायचा. आणि इथे ती गोष्ट आहे जी गेम मोठ्याने सांगत नाही. मुकुट हातात आल्यावर तो दुसऱ्या पक्षाच्या प्रमुखाकडे नेऊन देता येतो. लीजनची शपथ घेऊन मुकुट उल्फ्रिकला द्या, तुम्ही स्टॉर्मक्लोक झालात, उलटही तसंच. मुकुट दिला की मात्र दार बंद. त्या क्षणाआधी वेगळा सेव्ह करा आणि तो कोणता हे लक्षात ठेवा.

माझी निवड लीजन. उल्फ्रिकचं दुःख मला कळतं आणि टॅलोसबंदी अन्याय्य आहे हेही मान्य, पण ग्रे क्वार्टरमधून चालत गेल्यावर त्या राजाला देश द्यायला माझा हात धजत नाही. साम्राज्य जिंकलं की विंडहेल्मचा यार्ल ब्रुनवुल्फ फ्री-विंटर होतो, जो आधीपासून डार्क एल्फांची बाजू घेत आलाय. याची किंमतही आहे: रिफ्टनची गादी मेव्हन ब्लॅक-ब्रायरकडे जाते, आणि ती बाई काय आहे हे रिफ्टनमध्ये थोडं फिरलात की कळेल. उलट स्टॉर्मक्लोक जिंकले तर मार्कार्थ थॉन्गवर सिल्व्हर-ब्लडच्या हाती जातं, आणि व्हाइटरनमधून बालग्रूफला हाकलून विग्नार ग्रे-मेन बसतो. ज्याने तुम्हाला थेन केलं, त्याच्याच दारात कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं. भाचीच्या मैत्रिणीने तरीही स्टॉर्मक्लोक निवडले, रॉगविरमुळे. तिचा तर्क मला खोडता आला नाही.

युद्ध लढताना

व्हाइटरनच्या लढाईआधी त्या शहरातली आणि विंडहेल्ममधली अर्धवट कामं उरकून घ्या. विशेषतः विंडहेल्ममधली खुनांच्या तपासाची क्वेस्ट. ती आधीच नाजूक आहे, युद्ध मध्ये आलं की अडकते.

पुढचं सोपं आहे. एकेक प्रांत घ्यायचा, प्रत्येकात छावणी, एखादं गुप्त काम, आणि मग किल्ल्याची लढाई. पडद्यावर शत्रूची ताकद 100 टक्क्यांपासून उतरत जाते, शून्य झाली की किल्ला तुमचा. आपली माणसं बाहेर जमल्याशिवाय आत शिरू नका, आणि गर्दीत तलवार फिरवताना आपल्याच शिपायाला लागणार नाही हे बघा. ओळखायचं चिलखतावरून: लाल-तपकिरी लीजन, निळे स्टॉर्मक्लोक.

युद्ध लढायचंच नसेल तरीही चालतं. मुख्य कथा पुढे नेत राहिलात आणि युद्ध अर्धवट असलं तर साधूंच्या मठात तहाची बैठक बसवावी लागते. मला ही क्वेस्ट युद्धाइतकीच आवडते. टुलियस, उल्फ्रिक आणि थॅल्मोरची एलेनवेन एका टेबलाशी, आणि मध्यस्थ तुम्ही. एलेनवेनला बसू द्यायचं की बाहेर काढायचं इथपासून कोणतं शहर कोणाला द्यायचं इथपर्यंत सगळं तुमच्यावर येतं. एका बाजूला फार झुकलात तर दुसरा उठून जाण्याची धमकी देतो, म्हणून देणंघेणं तोलून करा. युद्ध आधीच संपवलं असेल तर ही बैठक होतच नाही. दोन्ही अनुभवायचं असेल तर आधी बैठक, मग मुख्य कथा, मग युद्ध.

बाकीच्या बाजू, थोडक्यात

कम्पॅनियन्स या व्हाइटरनमधल्या योद्ध्यांच्या टोळीत काही कामांनंतर लांडग्याचं रक्त घ्यावंच लागतं, नाहीतर कथा पुढे जात नाही. घाबरू नका, शेवटी ते उतरवता येतं. फक्त ग्लेनमोरिलच्या गुहेतल्या पाचही चेटकिणी मारून पाचही मुंडकी घ्या. एकच घेऊन परत आलात की नंतर पंचाईत.

डार्क ब्रदरहूड ही मारेकऱ्यांची टोळी तुम्हाला झोपेतून उचलून एका झोपडीत नेते आणि तीन बांधलेल्या माणसांपैकी एकाला मारायला सांगते. चौथा पर्याय म्हणजे सांगणाऱ्या अॅस्ट्रिडलाच मारणं. तो निवडला तर टोळी संपवायची क्वेस्ट सुरू होते आणि 3000 नाणी मिळतात. सामील झालात तर पैसा कितीतरी जास्त आणि कथाही मोठी. लहान भावंडं शेजारी बसून बघत असतील तर मी टोळी संपवायचीच वाट सुचवीन.

पार्थर्नाक्स या म्हाताऱ्या ड्रॅगनला मारायला डेल्फिन सांगेल. नाही मारलं तर ती तुमच्याशी काम थांबवते आणि क्वेस्ट जर्नलमध्ये तशीच पडून राहते. राहू द्या. यादी पूर्ण करायच्या हट्टापायी त्याला मारू नका. त्याने तुम्हाला काय शिकवलं आणि डेल्फिनने काय, हे एकदा आठवून बघा.

दहाव्या लेव्हलच्या आसपास रक्षक डॉनगार्ड नावाच्या व्हॅम्पायर-शिकाऱ्यांबद्दल बोलू लागतात. तिथे पुन्हा बाजू निवडायची आहे, व्हॅम्पायरांचा प्रमुख हार्कन याच्या दरबारात, आणि ती तिथल्या तिथे पक्की होते. हार्कनने प्रश्न विचारायच्या आधी, दालनात पाऊल टाकण्यापूर्वीच वेगळा सेव्ह करून ठेवा. हार्कनची मुलगी सेराना मात्र दोन्हीकडे तुमच्यासोबत राहते, त्यामुळे तिच्यासाठी म्हणून बाजू निवडायची गरज नाही.